मंगालियाचा काळा समुद्र

(पडद्यावर रंगाचा जेमतेम इंचभर तुकडा. उजेड एका बाजूनं.)

थोडं थांबून बघा. गिलाव्यासारखा एक थर, तो वाळायच्या आत चढवलेला दुसरा, आणि कडेला उभी राहून सुकलेली रंगाची धार. गवंड्याचा हात वाटतो ना? हा समुद्र आहे.

(कॅमेरा मागे येतो. पूर्ण चित्र.)

रुमानियाचा चित्रकार गेओर्गे पेत्राश्कु, जन्म 1872. तो जेमतेम पाच वर्षांचा असताना, 1878 मध्ये, बर्लिनच्या तहानं उत्तर डोब्रुजा हा काळ्या समुद्राकाठचा प्रदेश रुमानियाकडे आला. ऑटोमन अमलातलं कॉन्स्तान्त्सा बंदर आणि त्याच्या दक्षिणेचं मंगालिया, दोन्ही त्याबरोबर आली. देश तोवर शेतांचा आणि डोंगरांचा. चित्रंही तशीच: निकोलाए ग्रिगोरेस्कुच्या धुळीतून जाणाऱ्या बैलगाड्या आजही तिथं घराघरांत ओळखतात. समुद्र रंगवणारे होते, नाही असं नाही. युजेनिउ वोयनेस्कु तर आयवाझोव्स्की या रशियन समुद्रचित्रकाराच्या वाटेनं गेला. उधाण, गलबतं, आरपार दिसणाऱ्या लाटा.

पेत्राश्कुला यातलं काही नको होतं. पॅरिसमध्ये, अकादमी ज्युलियाँ या कलाशाळेत, त्याला शिकवलं कोणी, तर बुगरोनं! काचेसारख्या गुळगुळीत चित्रांसाठी नावाजलेला माणूस. शिष्यानं पुढं आयुष्यभर रंगाचे खडबडीत थर चढवले.

(मंगालियाची चित्रं, एकामागून एक.)

मंगालिया म्हणजे ग्रीकांचं जुनं कॅलाटिस. नंतरची तुर्की मशीद, तातारांची वस्ती, बुटकी पांढरी घरं. पेत्राश्कु इथं आला, पण लाटांच्या मागं लागला नाही. काळ्या समुद्राला भरती-ओहोटी नावापुरतीच. पाणी येऊन-जाऊन असतं तिथंच. त्यानं ते घरांच्या भिंतीइतकंच घट्ट रंगवलं. निळा आहे, पण काळ्यात मुरलेला. खालून कुठं हिरवट, कुठं विटकरी डोकावतं. आभाळ वजनदार, खाली आलेलं. ऊन असलं तरी ते भिंतीवर पडतं, पाण्यावर नाही.

काहींना ही चित्रं कोंदट वाटतात. मला ती पावसाच्या आधीच्या दुपारीसारखी वाटतात, जेव्हा घरातले सगळे विनाकारण गप्प असतात.

1936 मध्ये रुमानियन अकादमीनं त्याला सदस्य करून घेतलं. 1949 मध्ये तो बुखारेस्टला वारला. तर्गोविश्तेतल्या त्याच्या घरात आज संग्रहालय आहे.

(पुन्हा तोच इंचभर तुकडा. दिवा हळूहळू दुसऱ्या बाजूला.)

आता दिवा सरकवतोय. रंगाच्या उंचवट्यांच्या सावल्या बघा, कशा डावीकडून उजवीकडे वळतात. या समुद्रात हलतं ते एवढंच.