गहाळ पानं: शून्य की नन?

(दृश्य: रुमालात बांधलेली पोथी उघडते. शेवटचं पान अर्धं फाटलेलं.)

पुण्यात लॉ कॉलेज रस्त्यावर भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्था 1917 पासून उभी आहे. तिथे हजारो हस्तलिखितं जपून ठेवली आहेत. जुन्या पोथीच्या शेवटी बहुतेकदा पुष्पिका असते: नक्कल कुणी केली, कोणत्या शकात केली. पण ते शेवटचं पानच गेलं, की नकलकारही गेला आणि शकही.

अशा पोथ्यांची यादी पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत करायची, तर ‘पोथी’ नावाचा क्लास, म्हणजे प्रत्येक नोंदीचा साचा, लागेल. शीर्षक तर प्रत्येक नोंदीला हवंच. नकलकार, शक, गहाळ पानं, हे मिळालं तर मिळालं. मग माहिती असेल तरच अ‍ॅट्रिब्यूट, म्हणजे नोंदीतला रकाना, द्यावं, असं वाटतं. यादी छापायला घेतली, की नकलकार नसलेल्या पहिल्याच पोथीपाशी अ‍ॅट्रिब्यूट-एरर येतो. प्रत्येक ठिकाणी गेटअ‍ॅटर या अ‍ॅट्रिब्यूट वाचणाऱ्या फंक्शनला पर्यायी किंमत देऊन ठिगळ लावता येतं. पण नाव लिहिताना झालेली चूकही त्याच ठिगळाखाली झाकली जाते. तेव्हा आग्रहाने सांगतो, सगळी अ‍ॅट्रिब्यूट्स इनिटमध्येच, म्हणजे नवी नोंद बनताना चालणाऱ्या फंक्शनमध्येच, तयार करा. माहिती नसेल तिथे नन, म्हणजे पायथनमधली ‘काहीच नाही’ ही किंमत, ठेवा.

खरी कसोटी गहाळ पानांची. शून्य म्हणजे पानं मोजली, पोथी पूर्ण आहे. नन म्हणजे अजून कुणी मोजलीच नाहीत. नुसतं ‘इफ पोथी.गहाळ’ लिहिलं, तर पायथन दोन्ही खोटंच धरतो. कुणीतरी तासन्‌तास बसून तपासलेली पोथी न तपासलेल्यांत जाऊन पडते. त्या माणसाच्या कष्टांची नोंद राहायला हवी, म्हणून तुलना ‘इज नन’ अशीच करायची.

टाइप हिंटमध्येही, म्हणजे किंमत कोणत्या प्रकारची ते सांगणाऱ्या खुणेतही, हे सांगता येतं. 2015 च्या पायथन 3.5 मध्ये ‘ऑप्शनल’ आलं. 2021 च्या 3.10 पासून उभी रेघ देऊन ‘इंट (पूर्णांक) किंवा नन’ लिहिता येतं. मात्र एवढ्याने नोंद बनवताना ती किंमत वगळता येत नाही. त्यासाठी डिफॉल्ट, म्हणजे न दिल्यास धरायची किंमत, वेगळं द्यावं लागतं.

आणि अभ्यासकांच्या टिपा? इनिटमध्ये रिकामी यादी डिफॉल्ट दिली, तर ती एकच यादी सगळ्या पोथ्यांत वाटली जाते. एकीवरची टीप दुसरीवर दिसते. डेटाक्लास, म्हणजे इनिट आपोआप तयार करून मिळणारा क्लास, मात्र अशी यादी दिल्याबरोबर व्हॅल्यू-एरर देऊन अडवतो. तिथे डिफॉल्ट-फॅक्टरीला ‘लिस्ट’ दिलं, की प्रत्येक पोथीला स्वतःची कोरी यादी मिळते.