निळी पडलेली विळी

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय 'घरच्या घरी दगडावर धार कशी लावावी'. वेळ दिलीय पाऊण तास. कार्यवाह मला चांगले ओळखतात, म्हणून त्यांनी घड्याळ माझ्या पाठीमागे न टांगता समोरच्या भिंतीवर टांगलंय. तरी बघू.

आधी हात वर करा. किती जणांच्या घरी विळी आहे? छान, निम्मं सभागृह. आता ज्यांच्या विळीला धार आहे त्यांनी हात तसाच ठेवा. ...हं. पुढच्या रांगेतल्या काकूंचा एकच हात राहिला, आणि तोही त्या केस सारखे करतायत. विळ्या-भोपळ्याचं सख्य म्हणतो आपण. माझं म्हणणं, विळीला धार असती तर भोपळ्यानं एवढं वैर धरलंच नसतं. खरा छळ बोथट विळी करते.

मी एकतीस वर्षं कंपनीच्या टूलरूममध्ये, म्हणजे यंत्रांची हत्यारं जिथं बनवतात-घासतात त्या खात्यात, काढली. लेथची टूलं घासली, ड्रिलं घासली. एवढ्या वर्षांतून एकच गोष्ट सांगायची तर ही: घरच्या पात्याला ठिणगी दाखवू नका. ठिणगी दिसायला झकास असते, पण ती पात्याच्या जिवावर उठते. हे मी पुस्तकात वाचलेलं नाही, आईच्या विळीवर शिकलो.

आईची विळी गावच्या लोहारानं ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्यातून घडवलेली. पातं काळं, फक्त धारेपाशी पांढरी रेघ. आई तिला मागच्या दाराच्या पायरीवर घासायची. पायरी आपल्याकडच्या काळ्या पाषाणाची. घासून घासून तिला मधोमध असं पोट पडलेलं की पावसाळ्यात त्यात चिमण्या पाणी प्यायच्या. मला नुकतीच नोकरी लागली होती, त्यामुळे जगातलं सगळं आपल्याला कळतं अशी माझी समजूत होती. म्हटलं, आई, हे काय रानटी काम, मी कंपनीतून आणतो धार लावून.

विळी पिशवीत घालून गेटवर गेलो. तिथल्या पहारेकऱ्यानं पिशवी उघडली, विळी बघितली, मग माझ्याकडे बघितलं. म्हणाला, भांडण कुणाशी आहे? शेवटी रजिस्टरात रीतसर नोंद झाली: 'विळी, १ नग, परत नेण्याची.' त्या ओळीखाली माझी सही आहे. पुढे बढत्या मिळाल्या, मोठमोठ्या कागदांवर सह्या केल्या, पण लोकांना आठवते ती हीच.

जेवणाच्या सुट्टीत बेंच ग्राइंडरवर विळी धरली. मिनिटाला २,८०० फेरे. ठिणग्यांचा असा फुलबाजा उडाला की चार जण डबे घेऊन बघायला आले. अर्ध्या मिनिटात काम फत्ते. मनगटावरचे केस काढून दाखवले. पात्याच्या काठावर एक सुंदर निळी झाक आली होती, मोराच्या मानेसारखी. कुणी तरी म्हणालं, वा, पॉलिश आलं. मीही मान डोलावली. टूलरूमचा माणूस, आणि मान डोलावली!

आईनं दोन जुड्या मेथी चिरली, खूश झाली. चौथ्या दिवशी कांदा कापेना. आठवड्यात धार दुमडली, बोटाला खरखरीत लागायला लागली. आई काही बोलली नाही. तिनं विळी उजेडात धरली, त्या निळ्या पट्ट्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाली, "मोरपीस लावलंस होय रे?" मग विळी घेऊन पायरीवर बसली. रोज सकाळी थोडं थोडं घासत तिनं तो निळा पट्टा पूर्ण खाऊन टाकला. गौरीपासून सुरू केलं ते दिवाळीच्या फराळापर्यंत चाललं होतं. निळं संपलं तशी धार टिकायला लागली.

तिला कुणी धातुशास्त्र शिकवलं नव्हतं. शास्त्र असं: पोलाद तापत गेलं की त्यावर रंग चढतात. २२० अंशांच्या आसपास फिका पिवळा, गवताच्या काडीसारखा. ३०० च्या सुमाराला निळा. लोहार पात्याला पाणी देतो, म्हणजे लाल तापलेलं पातं एकदम थंड करून कडक करतो, मग पुन्हा बेतानं तापवतो आणि धारेसाठी त्या पिवळ्यापाशी थांबतो. मी ते अर्ध्या मिनिटात निळ्यापर्यंत नेलं. सगळ्यात पातळ भाग धारेचा, म्हणून सगळ्यात आधी तापतो तोच, आणि तोच मऊ पडला.

सायकलवर येणाऱ्या धारवाल्याशी माझं भांडण नाही हं. तो पायानं चाक फिरवतो, दमतो, थांबतो. त्याचं दमणं पात्याच्या पथ्यावर पडतं. सांगली-मिरजेकडे शिकलगार आडनाव ऐकता ना, ते मूळचे हेच, तलवारींना धार आणि झिलई देणारे. माझा राग आहे तो मोटर लावून दहा सेकंदांत सुरी परत देणाऱ्यांवर. आणि ओट्याच्या कडेवर सुरी घासणाऱ्यांवर! कडप्पा हा चुनखडीचा दगड, पोलादाहून मऊ. त्यावर सुरी घासली तर धार लागत नाही, ओट्याला ओरखडे मात्र पडतात.

चिठ्ठी आली. 'दहा मिनिटे.' म्हणजे विषय आता सुरू करायला हरकत नाही.

दगड घ्या. हार्डवेअरच्या दुकानात एका बाजूनं जाड, दुसऱ्या बाजूनं बारीक असा जोडदगड मिळतो. बहुतेक तो सिलिकॉन कार्बाइडचा असतो. १८९१ मध्ये अमेरिकेत अ‍ॅचेसन नावाचा संशोधक हिरा बनवायच्या खटपटीत होता, हाती हे लागलं. त्याला वाटलं हे कार्बन आणि कोरंडम यांचं मिश्रण, म्हणून नाव ठेवलं कार्बोरंडम. कोरंडम म्हणजे आपला कुरुंद, एक कठीण खनिज. शब्द इथूनच तिकडे गेलेला. असो. दगडावरचा आकडा मोठा तितका दगड बारीक. बोथट सुरीला ४०० च्या आसपास, मग १०००. घरात एवढं पुरे.

दगड भिजवा, खाली ओलं फडकं ठेवा म्हणजे सरकणार नाही. कोन साधारण २० अंश. काटकोनाचा निम्मा करा, त्याचा पुन्हा निम्मा, आणि किंचित खाली. चार सेंटीमीटर रुंद सुरी असेल तर तिची पाठ दगडापासून दीड सेंटीमीटरला जरा कमी उचललेली. शंका वाटली तर धारेवर मार्कर पेननं रेघ ओढा, दोनदा घासा, शाई कुठली गेली बघा. काठाच्या वरची गेली तर पाठ उचला, नुसती काठाची गेली तर खाली आणा. काळं पाणी सुटेल ते पुसू नका, तेही काम करतं.

सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे मी सुरुवातीला सांगायला हवं होतं: एकाच बाजूनं घासत राहायचं, पलीकडच्या बाजूला बर येईपर्यंत. बर म्हणजे काठावर उलटलेली धातूची बारीक पापडी. अंगठा धारेच्या आडवा, बाहेरच्या दिशेनं फिरवा, नख अडकल्यासारखं लागतं. मुठीपासून टोकापर्यंत सगळीकडे लागलं की मगच सुरी उलटायची. बहुतेक जण इथंच कंटाळतात आणि दगडाला नावं ठेवतात. मग दोन्ही बाजू आलटून पालटून, हात हलका हलका करत. शेवटी जुन्या कातडी पट्ट्यावर धार मागे ठेवून ओढा. टोमॅटो न दाबता कापला गेला की झालं.

विळीचं उलटं. तिचं पातं वाकडं, ते दगडावर बसत नाही, म्हणून दगडच विळीकडे न्यायचा. पाटावर पाय घट्ट, छोटा दगड बोटांच्या टोकांत, बोटं दगडाच्या कडेखाली येऊ द्यायची नाहीत, आणि...

दुसरी चिठ्ठी. बरं. बाकीचं करूनच दाखवतो. पाणी इथं आहे, दगड भिजलाय. ज्या काकूंनी विळी आणलीय त्यांनी पुढे यावं. नाही, नाही, हातात देऊ नका, भांडण होतं म्हणतात. टेबलावर ठेवा, मी उचलतो.