काय वगळता येतं, आणि कुणाच्या बाबतीत नाही: गर्भाशयाच्या अस्तराच्या कॅन्सरवरच्या चाचण्या

मंडळी, कॅन्सरच्या संशोधनाची बातमी होते ती बहुतेक वेळा नव्या औषधाची. गर्भाशयाच्या अस्तराच्या कॅन्सरात मात्र गेल्या पंचवीस वर्षांतले सगळ्यांत उपयोगी निकाल ‘हे केलं नाही तरी चालतं’ असे आहेत. त्यांच्या मागोमाग, अलीकडच्या काळात, ‘पण हिच्या बाबतीत वगळू नका’ असेही निकाल आले. आज बोलायचं आहे ते या ‘हिच्या’बद्दल. ती ओळखायची कशी?

निदानाचा भाग थोडक्यात सांगतो. हा कॅन्सर झालेल्या सुमारे ९० टक्के स्त्रियांमध्ये पाळी कायमची बंद झाल्यानंतर रक्त जाणं हे लक्षण आढळतं. उलटीकडून पाहिलं, तर असं रक्त गेलेल्या शंभर जणींपैकी साधारण नऊ जणींनाच कॅन्सर निघतो. योनिमार्गातून केलेल्या सोनोग्राफीत अस्तराची जाडी ४ मिलिमीटर किंवा त्याहून कमी असेल, तर शक्यता एक टक्क्याच्याही खाली जाते. या आकड्यावर विसंबताना दोन ठिकाणी फसगत होते. फायब्रॉइडच्या गाठींनी अस्तर झाकलेलं असलं तर मोजलेल्या जाडीला अर्थ उरत नाही. आणि सीरस जातीचा आक्रमक कॅन्सर पातळ अस्तरातही असू शकतो. म्हणून रक्त पुन्हा जायला लागलं, तर जाडी काहीही असो, बायॉप्सी करायची. बारीक नळीने घेतलेली ही बायॉप्सी न बघता घेतलेली असते. अहवालात ‘नमुना अपुरा’ आलं, तर त्याचा अर्थ ‘सगळं ठीक’ असा होत नाही. ही गल्लत फार होते.

आता शस्त्रक्रिया. गर्भाशय, दोन्ही बीजवाहिन्या आणि बीजांडकोश काढणं हा उपचाराचा पाया. पोट उघडून करायची की दुर्बिणीतून, हा प्रश्न २६०० हून जास्त स्त्रियांच्या एका मोठ्या अमेरिकन चाचणीने २००९पासून टप्प्याटप्प्याने सोडवला. पाच वर्षांनंतर जिवंत असण्याचं प्रमाण दोन्ही गटांत ८९.८ टक्के, दशांशापर्यंत सारखं. दुर्बिणीच्या गटातल्या चारातल्या एकीचं पोट मात्र शेवटी उघडावंच लागलं होतं. हे आधी सांगून ठेवलेलं बरं, म्हणजे शुद्धीवर आल्यावर लांब टाका पाहून धक्का बसत नाही.

खरा वाद होता लिम्फ नोडचा, म्हणजे शरीरातला द्रव गाळणाऱ्या छोट्या गाठींचा. कॅन्सर पसरला तर आधी ओटीपोटातल्या नोडमध्ये जातो, म्हणून सगळेच नोड खरवडून काढायचे, असं वर्षानुवर्षं चाललं. २००८ साली ५१४ स्त्रियांची इटलीतली चाचणी आणि २००९ साली १४०८ स्त्रियांची ‘अ‍ॅस्टेक’ ही चाचणी, दोन्हींनी सांगितलं की सुरुवातीच्या टप्प्यात सरसकट नोड काढून आयुष्य वाढत नाही. अ‍ॅस्टेकवर टीका झाली आणि ती रास्तही होती. काहींचे नोड फारच थोडे काढले गेले होते, आणि नंतरचं रेडिएशन नोडच्या निकालावर ठरलं नव्हतं. पण किंमत कळायला चाचणीची गरज नव्हती: नोड गेले की काहींचा पाय सुजतो आणि ती सूज जन्माची सोबतीण होते.

तोडगा निघाला तो सेंटिनल नोडचा. ज्या नोडमध्ये गर्भाशयातला द्रव सगळ्यांत आधी पोहोचतो, तेवढाच काढायचा. इन्डोसायनिन ग्रीन हा रंग निर्जंतुक पाण्यातच विरघळवायचा. सलाइनमध्ये त्याच्या गुठळ्या होतात. गर्भाशयमुखावर घड्याळातल्या तीन आणि नऊच्या जागी तो टोचायचा, थोडा वरवर आणि थोडा एक सेंटिमीटर खोल. इंजेक्शन सावकाश द्यावं लागतं. घाई केली तर रंग बाहेर सांडतो आणि मग इन्फ्रारेड कॅमेऱ्यात सगळंच हिरवं चमकतं. टोचून झाल्यावर पोटाचा पडदा हलक्या हाताने उघडायचा. वाहिनी फाटली की तिथेही हिरवं तळं होतं. वाहिनी जिथे पहिल्या नोडमध्ये शिरते, तो नोड काढायचा. नेहमीची चूक म्हणजे फुगलेल्या वाहिनीलाच नोड समजून कापणं. प्रयोगशाळेत पोहोचते ती नुसती चरबी. म्हणून काढलेला तुकडा तिथल्या तिथे चिरून नोड आहे ना, हे पाहणारी टीम हुशार म्हणायची.

२०१७च्या ‘फायर्स’ चाचणीतली बेरीज-वजाबाकी डोळ्यांसमोर ठेवण्यासारखी आहे. तपासलेल्यांपैकी ८६ टक्के स्त्रियांमध्ये निदान एक सेंटिनल नोड सापडला. ४१ जणींच्या नोडमध्ये कॅन्सर होता. त्यांतल्या ३६ जणींचा सेंटिनल नोड सापडला होता, आणि त्यांपैकी ३५ जणींचा कॅन्सर त्या नोडने बरोबर दाखवला. छत्तिसात एक चूक, म्हणजे ९७ टक्के अचूक, पद्धत उत्तम. पण उरलेल्या पाच जणी? त्यांच्यात रंग नोडपर्यंत पोहोचलाच नाही. म्हणून नियम असा झाला की ज्या बाजूला रंग लागत नाही, तिथे आधी पुन्हा टोचून पाहायचं, आणि तरीही नाहीच दिसला तर त्या बाजूचे नोड काढायचे. नियमाचा हा दुसरा भाग गाळला तर तो ९७ टक्क्यांचा आकडा सांगायचा अधिकार राहत नाही.

रेडिएशनची गोष्टही याच वळणाची. नेदरलँड्समधली पहिली ‘पोर्टेक’ चाचणी २००० साली आली. शस्त्रक्रियेनंतर ओटीपोटाला बाहेरून ४६ ग्रे (रेडिएशनच्या मात्रेचं एकक) रेडिएशन दिलं, तर त्या भागात आजार परतण्याचं पाच वर्षांतलं प्रमाण १४ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर येतं. आयुष्य मात्र वाढत नाही. मग दुसऱ्या चाचणीने विचारलं, आजार परततो तो बहुतेक योनीच्या वरच्या टोकाला. मग तेवढ्याच जागेला आतून रेडिएशन, म्हणजे ब्रेकीथेरपी, दिली तर? २०१०चा निकाल: योनीतला परतावा दोन्ही गटांत दोन टक्क्यांच्या आत. उपचार संपताना पोटाचा, जुलाबांचा त्रास मात्र बाहेरून रेडिएशन घेतलेल्या निम्म्याहून अधिक जणींना आणि ब्रेकीथेरपीवाल्या जेमतेम तेरा टक्के जणींना.

तिसऱ्या चाचणीत जास्त जोखमीच्या स्त्रियांना रेडिएशनसोबत केमो दिली. २०१९च्या आकड्यांत पाच वर्षांचं जगणं ७६.१ वरून ८१.४ टक्के झालं. फायदा आहे, पण सगळ्या जणींनी केमो सोसायची आणि लाभ काहींनाच, असा हा व्यवहार. दोन वर्षांनंतरही केमो घेतलेल्यांपैकी चारातली एक हातापायांच्या मुंग्या-बधिरपणाची ठळक तक्रार करत होती. केमो न घेतलेल्यांत हे प्रमाण सहा टक्के होतं. शर्टाचं बटण लागत नाही, चप्पल पायातून निसटल्याचं कळत नाही, असे हे त्रास. म्हणून केमोतलं पॅक्लिटॅक्सेल हे औषध चालू असताना दर फेरीला ‘बटण लावता येतं का’ हे विचारायलाच हवं. औषधाची मात्रा तेव्हाच कमी करता येते, नंतर नाही.

इथे पॅथॉलॉजीच्या टेबलावरचा ब्लॉक, म्हणजे मेणात जपून ठेवलेला गाठीचा तुकडा, कामी आला. २०१३ साली ३७३ गाठींच्या जनुकीय अभ्यासातून या कॅन्सरचे चार गट पुढे आले. पोल जनुकात बिघाड असलेला, डीएनए-दुरुस्तीची एमएमआर यंत्रणा बंद पडलेला, पी५३ हे जनुक बिघडलेला, आणि यांपैकी काहीच नसलेला. मग पोर्टेक-३मधल्या, म्हणजे वरच्या तिसऱ्या चाचणीतल्या, ४१० स्त्रियांच्या जुन्या ब्लॉकांची या चष्म्यातून पुन्हा तपासणी झाली. पी५३ बिघडलेल्यांत पाच वर्षं आजार न परतण्याचं प्रमाण केमोसह ५९ टक्के, केमोशिवाय ३६. पोल गटात १०० आणि ९७, म्हणजे केमो घेतली काय नि न घेतली काय. एमएमआर गटात केमोचा फायदा दिसलाच नाही. सूक्ष्मदर्शकाखाली पोल गटाच्या गाठी बरेचदा भयंकर दिसतात, वरच्या ग्रेडच्या, आणि तरी या बायका सगळ्यांत छान राहतात. नुसत्या दिसण्यावर केमो ठरवण्याचे दिवस तिथेच संपायला हवे होते.

हे विश्लेषण मागे वळून केलेलं होतं, ही त्याची मर्यादा. गट आधी पाहून उपचार ठरवायचा, हे पोर्टेक-४ए आणि ‘रेनबो’ या चाचण्यांनी हाती घेतलं. २०२३मध्ये ‘फिगो’ या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनेही टप्प्यांच्या व्याख्येत पोल आणि पी५३ आणले.

अहवाल हातात आला की काय बघायचं? एमएमआरसाठी काचपट्टीवर चार प्रथिनांना दिलेले रंग: एमएलएच१, पीएमएस२, एमएसएच२, एमएसएच६. गाठीच्या पेशींत रंग गेला असेल, तर शेजारच्या निरोगी पेशींत तो टिकलाय का, हे पाहावं लागतं. तिथेही नसेल तर दोष रंगाचा, गाठीचा नव्हे. पी५३ला हाच नियम: सगळ्या पेशी गडद किंवा सगळ्या कोऱ्या, दोन्ही बिघाडच, फक्त कोरेपणा खरा हवा. न उघडता फॉर्मालिनमध्ये टाकलेल्या गर्भाशयात द्रव आतपर्यंत पोहोचत नाही आणि असे खोटे कोरे डाग मिळतात. म्हणून हे रंग आधीच्या बायॉप्सीवर करणं उत्तम. पोलसाठी मात्र जनुकाचं वाचनच करावं लागतं. पोल आणि पी५३ दोन्ही बिघडलेले आले तर गट पोलचा धरायचा.

एमएलएच१चा रंग गेला असेल तर पुढे मेथिलेशनची, म्हणजे जनुक रासायनिक खुणेने बंद झालंय का याची, तपासणी. ती सकारात्मक आली तर बिघाड बहुधा त्या गाठीपुरता. नकारात्मक आली, किंवा एमएसएच२, एमएसएच६ यांचा रंग गेला असेल, तर लिंच सिंड्रोम या आनुवंशिक दोषासाठी रक्ताची चाचणी करायची. या कॅन्सरच्या साधारण तीन टक्के स्त्रियांत तो निघतो. तेव्हा प्रश्न तिच्या एकटीचा राहत नाही: तिला आणि ज्यांच्यात तो बिघाड उतरला आहे अशा भावंडा-मुलांना ठरावीक अंतराने कोलोनोस्कोपी लागते.

पसरलेल्या किंवा परतलेल्या आजारातही हाच एमएमआर दिशा ठरवतो. २०२३च्या ‘रुबी’ चाचणीत कार्बोप्लॅटिन-पॅक्लिटॅक्सेल या केमोला डोस्टारलिमॅब या प्रतिकारशक्ती जागवणाऱ्या औषधाची जोड दिली, तेव्हा एमएमआर बंद असलेल्या गटात दोन वर्षांनी आजार न वाढलेल्या स्त्रिया ६१.४ टक्के होत्या, नुसत्या केमोत १५.७. यंत्रणा शाबूत असलेल्यांना आधीच्या केमोनंतर पेम्ब्रोलिझुमॅब या तशाच औषधासोबत लेन्व्हॅटिनिबच्या गोळ्या देता येतात. लेन्व्हॅटिनिबचा डोस २० मिलिग्रॅमवर सुरू होतो, पण मुख्य चाचणीत दर तीन जणींपैकी दोघींचा तो कमी करावा लागला. या औषधाने रक्तदाब वाढतो, म्हणून तो घरी मोजून लिहून ठेवणं इथे औषध घेण्याइतकंच महत्त्वाचं आहे.

आता उपचार संपल्यावरचं. दर भेटीत सीटी स्कॅन हवाच, असं पुष्कळांना वाटतं. इटलीतल्या ‘टोटेम’ चाचणीने १८०० हून जास्त स्त्रियांवर कसून तपासणी आणि मोजकी तपासणी यांची तुलना केली. पाच वर्षांचं जगणं अनुक्रमे ९०.६ आणि ९१.९ टक्के. मोजकी पुरते. रक्त जाणं, ओटीपोटात नवं दुखणं, एका पायाची सूज, न थांबणारा खोकला: यांपैकी काही झालं तर पुढच्या तारखेची वाट पाहायची नाही. सुरुवातीच्या टप्प्यातल्या स्त्रियांचा पुढे मृत्यू होतो तो बहुधा हृदयविकाराने. तेव्हा भेटीत साखर, रक्तदाब, वजन यांना वेळ मिळायला हवा.

रेडिएशननंतर योनी आकसते, भिंती चिकटतात. त्यासाठी डायलेटर, म्हणजे योनीत घालायची गुळगुळीत नळकांडी. सूज उतरल्यावर, साधारण दोन ते चार आठवड्यांनी सुरू करायचा, आठवड्यातून दोन-तीनदा, पाच-दहा मिनिटं, भरपूर वंगण लावून. लैंगिक संबंध नसले तरी वापरायचा, नाहीतर तपासणीच अवघड होते. थोडं रक्ताळलेलं वंगण आलं तर घाबरू नका, जास्त आलं तर कळवा. हे सांगायला डॉक्टर संकोचतात आणि बाई विचारत नाही, आणि डबा न उघडता कपाटात जातो.

उरला इस्ट्रोजेनचा प्रश्न. बीजांडकोश काढले की अंगातून वाफा निघतात, झोप उडते, आणि पन्नाशीच्या आतली बाई विचारते, गोळी चालेल का? इस्ट्रोजेनवर वाढणाऱ्या कॅन्सरात हे विचारणंच धाडसाचं, तरी चाचणी झाली: १२३६ स्त्रिया, निम्म्यांना इस्ट्रोजेन, निम्म्यांना औषध नसलेली साधी गोळी. परतावा २.३ आणि १.९ टक्के. पण २००२ साली निरोगी स्त्रियांमधल्या हार्मोन-उपचाराचे धोके गाजले, नावं नोंदवायला कुणी पुढे येईना, आणि चाचणी ठरलेली संख्या गाठण्याआधीच बंद पडली. म्हणून कमी जोखमीच्या स्त्रीला गोळी देताना डॉक्टरांच्या हाती आहे ती ही अर्धवट राहिलेली चाचणी. दोन्ही गटांतला परतावा इतका कमी आहे की लहानसा धोका तिच्यात दिसलाच नसता.