डोनटच्या कमरेचा पट्टा

(दृश्य : राजारामपुरी, संध्याकाळ. काचेच्या शोकेसमधले डोनट.)

कोल्हापुरात राजारामपुरीत, शाहूपुरीत, ताराबाई पार्कात फिरताना बेकरीच्या काचेमागे रंगीत दाण्यांचे, चॉकलेटचे डोनट दिसले, तरी पहिल्या भेटीत ते घेऊ नका. साखरेची पातळ झिलई दिलेला साधा डोनट मागा. शिळं पीठ चॉकलेटच्या थराखाली झाकलं जातं, साध्या डोनटमध्ये उघडं पडतं.

(दृश्य : डोनट आडवा धरलेला, अगदी जवळून.)

कमरेभोवती हा फिकट पट्टा बघा. यीस्टचं पीठ नीट फुगलं असेल तर डोनट तेलावर तरंगतो. दोन्ही बाजू तळून झाल्या तरी मधली कड तेलाबाहेरच राहते, म्हणून ती पांढुरकी. पट्टाच नसेल, तर पिठाला फुगायला वेळ मिळालेला नाही. आतून घट्ट निघणार. पट्टा आहे पण अंगावर सुरकुत्या आहेत, तर पीठ जास्त फुगलं आणि बाहेर काढल्यावर बसलं. बेकिंग पावडरच्या केक डोनटला मात्र हा नियम लावू नका. त्याला पट्टा नसतो, वरच्या भेगा हीच त्याची खूण.

अर्धा किलो मैद्याला सात ग्रॅम कोरडं यीस्ट हे साधारण प्रमाण. कोल्हापूरच्या उन्हाळ्यात हे पीठ तासाभरात दुप्पट होतं, डिसेंबरच्या सकाळी त्याला दोन तासही लागतात. घड्याळावर तळणाऱ्याचा माल थंडीत हमखास बिघडतो. चांगला कारागीर पिठावर बोट दाबतो. खळगा हळूहळू भरून आला की मगच कढईत सोडतो.

तेल १८० ते १८५ अंशांवर, प्रत्येक बाजूला मिनिटभर. तेल कोमट असेल तर डोनट ते पितो, फार तापलं असेल तर बाहेरून करपतो आणि आत कच्चा राहतो. टिश्यूवर ठेवून बघा : पुसट डाग चालेल, कागद आरपार भिजला तर दुकान बदला. जिभेवर खवट चव राहिली तर तेल जुनं आहे. तेलातले ध्रुवीय घटक (तेल पुन्हा पुन्हा तापवल्यानं तयार होणारे खराब घटक) २५ टक्क्यांच्या वर गेले की ते वापरू नये, असा अन्नसुरक्षेचा नियमच आहे.

आता काउंटरवर विचारायचा प्रश्न : "दादा, हे कधी तळलेत?" यीस्टचा डोनट पाच-सहा तासच खरा मऊ. फ्रीजमधून काढून देत असतील तर नको म्हणा, कारण त्या थंडाव्यात मैद्यातला स्टार्च लवकर कडक होतो.

जुलैच्या झडीत झिलई हवेतलं पाणी ओढून चिकट होते. तो दोष कारागिराचा नाही. पावसाळ्यात साखर घोळलेला डोनटही ओलावतो, तेव्हा चॉकलेटचा घ्या. घरी नेताना गरम डोनटच्या खोक्याचं झाकण किंचित उघडं ठेवा, नाहीतर रंकाळा तलावापर्यंत पोचेतो वाफेनं खालची बाजू भिजलेली असेल.