भिंत सांगा, चित्र सांगू नका

श्रोतेहो, नमस्कार. दहा-बारा चित्रकारांना बोलवायचं आणि एकाच तीव्र भावनेवर, समजा संतापावर, समूह प्रदर्शन भरवायचं, तर निमंत्रणाच्या पत्रात काय लिहावं? पुष्कळ पत्रांत भावनेचं वर्णन पानभर असतं आणि भिंतीचं माप कुठेच नसतं. हवं याच्या अगदी उलट. भिंत नेमकी सांगा, चित्र सांगू नका.

पॅरिसमधली १९३७ सालची गोष्ट ऐका. तिथे जागतिक प्रदर्शन भरणार होतं आणि स्पेनमध्ये यादवी पेटली होती. स्पेनच्या प्रजासत्ताक सरकारनं आपल्या दालनासाठी कलावंतांना बोलावलं. जानेवारीत वास्तुकार जोसेप लुईस सर्ट आणि त्याचे सोबती पिकासोकडे गेले. मागणी एवढीच, की आमच्या दालनासाठी एक मोठं भित्तिचित्र हवं. विषय त्याचा त्यानं ठरवायचा. पिकासोला कितीतरी आठवडे काही गवसेना. एप्रिलच्या मध्यावर त्यानं रेखाटनं केली, तीही चित्रकार आणि त्याची मॉडेल अशी, नेहमीच्याच विषयाची.

मग आला २६ एप्रिल. सोमवार, बाजाराचा दिवस. जर्मन आणि इटालियन विमानांनी गेर्निका हे उत्तर स्पेनच्या बास्क प्रांतातलं गाव बॉम्बनं उद्ध्वस्त केलं. बातमी पॅरिसच्या वर्तमानपत्रांत आली आणि १ मेला पिकासोनं पहिलं रेखाटन केलं. जूनच्या सुरुवातीला ‘गेर्निका’ हे चित्र पुरं झालं. सुमारे साडेतीन मीटर उंच, पावणेआठ मीटर रुंद! स्टुडिओत एवढा कॅनव्हास सरळ उभा राहीना, म्हणून तो तिरका टेकवून रंगवला. छायाचित्रकार डोरा मार हिनं या कामाचे टप्प्याटप्प्यानं फोटो काढले, म्हणून आपल्याला आत डोकावता येतं. आधी चित्रात एक उगारलेली मूठ होती. ती गेली. रंगीत कागद चिकटवून पाहिले, तेही काढले. उरला काळा, पांढरा आणि करडा. चित्रात विमान नाही, बॉम्ब नाही. आहे तो किंचाळणारा घोडा आणि मेलेलं मूल मांडीवर घेतलेली आई. ‘युद्धाचा संताप दाखवा, मूठ उगारा’ अशी आज्ञा पत्रात असती, तर ती मूठ पुसायला त्याचा हात मोकळा राहिला असता का? जागतिक प्रदर्शन २५ मेला उघडलं, तेव्हा चित्र पुरं व्हायचंच होतं; स्पेनचं दालन मात्र १२ जुलैला उघडलं. भावना तारीख पाळत नाही, हे आयोजकांनी धरूनच चालावं.

म्हणून पुन्हा सांगते, भिंत नेमकी सांगा, चित्र सांगू नका. वीस बाय तीस फुटांचं सभागृह घ्या. चारी भिंती मिळून १०० फूट. दारं-खिडक्यांचे ३० गेले, उरले ७०. सरासरी तीन फूट रुंदीची १२ चित्रं ३६ फूट घेतील. बाकीचे ३४ फूट मोकळे ठेवा, म्हणजे दोन चित्रांत साधारण अडीच फूट अंतर राहील. संतापाची चित्रं खेटून लावली की सगळी मिळून एकच गोंगाट होतो. म्हणून प्रत्येकाला रुंदीची मर्यादा फुटांत कळवा.

भावनेबद्दल तीनच ओळी लिहा, त्याही प्रश्नांच्या, अशा धर्तीच्या: गिळलेला राग कुठे जातो? कोणावर रागावता येत नाही? वर्णन केलंत तर लाल कॅनव्हास, आवळलेल्या मुठी आणि उघडी तोंडं येतील. चार महिने द्या. पहिल्या महिन्याअखेर कच्चं रेखाटन मागवा, ते नापास करायला नव्हे, तर पाच जणांनी एकच प्रतिमा धरली आहे का हे वेळीच दिसावं म्हणून. धरली असेल तर त्या पाचांना फोन करा आणि हा राग नेमका कुणाचा, एवढंच विचारा. शेवटचे १५ दिवस हाताशी राखून ठेवा.

आणि शीर्षकं मराठीत लावा हो! रांगोळीपासून स्वागतापर्यंत सगळं मराठीत आणि चित्राखालची पाटी तेवढी इंग्रजीत, हे मला मुळीच पटत नाही. उद्घाटनाची भाषणंही दहा मिनिटांत उरका; लोक चित्रं बघायला आलेले असतात.

चित्रांच्या परतीचंही पत्रातच लिहा. त्याच स्पॅनिश दालनात चित्रकार जोआन मिरोनं कापणी करणारा, स्पेनच्या कातालोनिया प्रांतातला बंडखोर शेतकरी रंगवला होता, सुमारे साडेपाच मीटर उंच, दालनाच्याच पॅनेलांवर. दालन उतरवलं आणि ते चित्र हरवलं. आज उरलेत ते कृष्णधवल फोटो. तेव्हा चित्र कोण नेणार, कोणत्या तारखेपर्यंत, वाहतुकीचा खर्च कोणाचा, विमा कोण उतरवणार, हे चारही मुद्दे पत्रात हवेत. बांधताना तैलरंगावर थेट बबल रॅप लावू नका, ओल्या रंगावर फुग्यांचे ठसे उठतात. आधी बटर पेपर, मग बबल रॅप, कोपऱ्यांना पुठ्ठा. पावसाळ्यात वरून प्लास्टिक गुंडाळा, पण पोचल्यावर ते त्याच दिवशी सोडा, नाहीतर आतल्या दमटपणानं कॅनव्हासला बुरशी धरते.