बिबट्या लक्षात राहतो, करवंदं राहत नाहीत

[ठाण्याजवळचं येऊर. सकाळ. जंगलात शिरणारी पायवाट.]

बिबट्या कुठल्या वळणावर आडवा आला होता, हे येऊरच्या पाड्यावरचा माणूस जन्मभर विसरत नाही. करवंदाची चांगली जाळी कुठे होती, हे विसरलं तरी चालतं. फार तर एका उन्हाळ्याची करवंदं हुकतील. बिबट्याची जागा विसरली, तर जीवच जायचा. माणसाचा मेंदू लाखो वर्षं याच हिशेबात घडला.

भीती वाटली की मूत्रपिंडांवरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींतून अ‍ॅड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल ही संप्रेरकं रक्तात उतरतात. मेंदूतला अमिग्डाला, म्हणजे भावनांशी जोडलेला छोटासा भाग, कामाला लागतो आणि शेजारच्या हिप्पोकॅम्पसमध्ये तयार होणारी आठवण पक्की करून घेतो. अमेरिकेतले मेंदूशास्त्रज्ञ जेम्स मॅगॉ यांनी कित्येक दशकं याचाच अभ्यास केला. आनंदातही हे घडतं. पहिलं बाळ हातात घेतल्याचा क्षण कोण विसरेल? पण पारडं वाईटाचंच जड. तेवढीच रक्कम मिळाल्याच्या आनंदापेक्षा ती गेल्याचं दुःख मोठं, हे कानमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली मांडलं.

[ठाणे स्टेशन. पाऊस.]

२६ जुलै २००५, मंगळवार. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस. लोकल कुठे थांबली, रुळांवरून चालताना पाणी गुडघ्याला होतं की कमरेला, घरी पोचायला किती वाजले, हे ठाणेकर आजही घडाघडा सांगतात. आदल्या दिवशीचा, सोमवारचा प्रवास मात्र कुणालाच सांगता येत नाही. गाडी आली, बसलो, उतरलो. त्यात लक्षात ठेवण्यासारखं होतं काय?

तरी लख्ख आठवतं ते सगळं खरंच असतं असं नाही. १९८६ मध्ये अमेरिकेचं चॅलेंजर हे अंतराळयान कोसळल्यावर दुसऱ्याच दिवशी मानसशास्त्रज्ञ उल्रिक नायसर यांनी विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं होतं, बातमी कुठे कळली, कुणाकडून कळली. सुमारे अडीच वर्षांनी पुन्हा विचारलं. बऱ्याच जणांची उत्तरं पार बदललेली, आणि खात्री मात्र पूर्ण. भीतीत नजर संकटावरच खिळते, आजूबाजूचं निसटतं. पाणी आठवतं; अंधारात हात धरून रस्ता पार करून देणाऱ्याचा चेहरा आठवत नाही. मला याचंच सगळ्यात वाईट वाटतं.

[ठाण्याची तलावपाळी. संध्याकाळ. कठड्यावर गप्पा.]

दिलासा देणारी गोष्टही संशोधनातूनच पुढे आली आहे. प्रसंग लक्षात राहतो, पण त्यातली बोच बहुतेकांच्या बाबतीत आनंदापेक्षा लवकर ओसरते. मन लावून ऐकणारं कुणी असेल, तर आणखी लवकर. नैराश्यात सापडलेल्या माणसाची बोच मात्र तितक्या सहज ओसरत नाही. त्याला ‘विसरून जा रे’ म्हणणं मला निर्दयपणाचं वाटतं. विसरणं त्याच्या हातात असतं, तर तो केव्हाच विसरला असता.