तो मागे चालायला लागला तेव्हा

नमस्कार श्रोतेहो.

आमचा खंड्या गेला, त्याला आता दोन वर्षं होतील. तेरा वर्षं जगला. त्यातली बरीचशी माझ्याबरोबर डोंगरात, ओढ्याकाठी, रानवाटांवर गेली. कुत्र्याची आठवण सांगायला बसलं, की ऐकणाऱ्याला पराक्रम हवा असतो. साप मारला का, चोर धरला का? छे! खंड्या ढगांच्या गडगडाटाला घाबरायचा. रात्री तंबूवर वीज कडाडली, की माझ्या पांघरुणात डोकं खुपसून बसायचा आणि शेपूट बाहेरच राहायची. डोकं लपलं म्हणजे आपण लपलो, असा त्याचा ठाम समज.

दिवसा मात्र तोच म्होरक्या. सुसाट पुढे जायचा, वळणावर थांबायचा, मान वळवून बघायचा. मी दिसलो की पुन्हा पुढे. फार मागे राहिलो तर परत येऊन मला हुंगून जायचा, हजेरी घेतल्यासारखा. माझी चाल दहा किलोमीटर झाली, तर त्याची पंधरा-वीस सहज होत असणार.

एकदा खिंडीत धुकं उतरलं. पाच पावलांपलीकडचं दिसेना. मी एका बाजूला निघालो, तर हा जागचा हलेना. नाक जमिनीला लावून उलट्या दिशेला खेचायला लागला. वैतागून गेलो त्याच्यामागे. अर्ध्या तासानं सकाळी ज्या खडकावर आम्ही बसलो होतो, तो खडक समोर. आमचाच सकाळचा माग काढत त्यानं मला आणलं होतं.

पुढे कळलं, की वास टिपणाऱ्या पेशी माणसाच्या नाकात ५०-६० लाख, तर कुत्र्याच्या नाकात जातीनुसार १२ ते ३० कोटी. शिवाय त्याचा उच्छ्वास नाकपुडीच्या कडेच्या फटीतून बाहेर पडतो, त्यामुळे समोरून येणारा वास पुसला जात नाही. हे ज्याच्या नाकात आहे, त्याला मी वर्षानुवर्षं काय म्हणत आलो? ‘चल रे, पुरे झालं हुंगणं!’ आणि पट्ट्याला हिसका. पुस्तक हातात द्यायचं आणि दिवा मालवायचा, त्यातलाच प्रकार.

माझं अज्ञान एवढ्यावर थांबलं नाही. एका भर दुपारी तापलेल्या कातळावरून त्याला नेलं. माझ्या पायात जाड बूट, त्याच्या पायात काय? संध्याकाळी बघतो तर तळव्यांना फोड. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. थोडा तळव्यांना येतो, बाकी सगळी भिस्त जीभ बाहेर काढून धापा टाकण्यावर. त्यानंतर मी आधी हाताची पालथी बाजू कातळावर टेकवून बघायचो. सहा-सात सेकंद सोसलं नाही, तर कातळ निवेपर्यंत सावलीत बसायचं.

पण मनाला खरी लागून राहिली आहे ती दुसरीच गोष्ट. दहा वर्षांचा झाला आणि खंड्या माझ्या मागे चालायला लागला. शांतपणे, पावलाला पाऊल लावून. मी खूश. सोबत्यांना कौतुकानं सांगायचो, ‘बघा, म्हातारपणी शहाणा झाला, आता पुढे पळत नाही.’ गाडीत उडी मारेनासा झाला, तेव्हा म्हटलं, लाडावलाय. डॉक्टरांनी मागच्या पायाचा खुबा हळूच वाकवला, तेव्हा खंड्यानं फक्त जीभ ओठांवरून फिरवली आणि तोंड वळवलं. सांधे झिजले होते. बरेच दिवस दुखत असणार, असं ते म्हणाले.

कुत्रं दुखलं म्हणून कण्हेलच असं नाही. उठताना अंग आखडणं, पायरीपाशी घुटमळणं, तोच सांधा चाटत बसणं, मागच्या मांड्या बारीक होत जाणं, एवढंच दिसतं. ज्यांच्या घरी वयस्क कुत्रा आहे त्यांनी एवढं बघावं. आणि आपल्या घरातली दुखण्याची गोळी त्याला मनानं देऊ नये, आयबुप्रोफेन तर मुळीच नाही. ती त्याच्या जिवावर बेतू शकते.

स्वर्गाच्या वाटेवर युधिष्ठिराबरोबर शेवटपर्यंत चाललेला कुत्रा आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा. त्या गोष्टीत मला एकच खटकतं, तो कुत्रा अखेर यमधर्म निघतो. नुसता कुत्रा असता तर काय बिघडलं असतं?

मला त्याहून जवळचं वाटतं ते जर्मनीत बॉनजवळ १९१४ साली सापडलेलं एक पिल्लू. म्हणजे त्याची हाडं, माणसांशेजारी पुरलेली, सुमारे १४,००० वर्षांपूर्वीची. दातांवरच्या खुणांवरून अभ्यासक म्हणतात, की त्याला डिस्टेंपर हा कुत्र्यांचा जीवघेणा आजार झाला असावा आणि त्या आजारात ते काही आठवडे तगलं, ते कुणीतरी त्याची शुश्रूषा केली म्हणूनच. शिकारीला त्याचा उपयोग शून्य. तरी कुणीतरी त्याला ऊब दिली, पाणी पाजलं.

शेवटच्या वर्षी मी खंड्याला एकदाच त्या खिंडीकडे नेलं. ओढ्यापाशी त्याला उचलून खांद्यावर घेतलं. एवढी वर्षं मला ओढा पार करून दाखवणारा तो. त्याला ते मुळीच आवडलं नाही. पलीकडे पोचेपर्यंत माझ्याकडे बघितलं नाही. खाली ठेवला तसा लंगडत एका झुडपाशी गेला आणि हुंगायला लागला. एकेक पान, एकेक काडी, मग बुंध्याची माती, पुन्हा पहिलं पान. वर पोचायला उशीर होत होता, ऊन चढत होतं. मी पट्टा काढून खिशात ठेवला आणि शेजारच्या दगडावर बसलो. त्या दिवशी आम्ही झुडपाच्या पुढे गेलोच नाही.